अठरा लाख ओळी

सोलो शहरातल्या आमच्या रेडिओ केंद्रात जुन्या गाण्यांच्या फाइली दोन डिस्कांवर होत्या. जागा संपली. साहेबीणबाई हेस्ती, आमच्या बू, म्हणजे बाई, म्हणाल्या, "लास्त्री, ज्या दोनदा आहेत त्यातली एक उडव. शुक्रवारपर्यंत."

"ऐकून बघायचं म्हटलं तर मी रिटायर होईन, बू."

"मग न ऐकता बघ."

तसंच केलं. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून प्रत्येक फाइलचा अंगठ्याच्या ठशासारखा खुणेचा आकडा काढला, दोन याद्या लावल्या, जुळणाऱ्यांतली एकेक उडवली. तीनशे बारा जोड्या जुळल्या नाहीत. त्यांचा आवाज आकड्यांत उतरवला, एका ओळीत एक आकडा, आणि याद्या एकमेकींशी ताडून पाहिल्या. बहुतेकांत आवाज तंतोतंत तोच, फरक फक्त वर चिकटवलेल्या नावाचा. चार दिवस हेच. डोळ्यांची आग, पंख्याची घरघर, गार झालेला चहा.

गुरुवारी दुपारी एक जोडी अडली. सगळं सारखं, पण मध्येच एका फाइलीत अठरा लाख ओळी जास्त. म्हणजे एक्केचाळीस सेकंद. आठवड्यात पहिल्यांदाच मी कानाला हेडफोन लावला.

केंद्राच्या जुन्या गायिका न्यी सुकेसी गात होत्या. आवाज फाटला. वाद्यं एकेक करून थांबली. "थांबा हो," त्या म्हणाल्या, "श्वासच पुरत नाहीये." मग खोकला, आणि दबकं रडणं. त्यानंतर गाणं पुन्हा सुरू. हे ध्वनिमुद्रण झालं त्याच महिन्यात त्या गेल्या होत्या.

संपादन तेव्हा गियांतोंकडे असे. आता ऐंशीचे आहेत, सगळे त्यांना म्बाह म्हणतात, आजोबा. त्यांना फोन लावून त्या एक्केचाळीस सेकंदांचं सांगितलं.

"सापडलं का शेवटी?" ते म्हणाले. "मी कापलं. बाईंनी हात धरून सांगितलं होतं, हे कुणाला ऐकवू नकोस."

"मग मूळ का ठेवलंत, म्बाह?"

"टाकवेना गं. तो त्यांचाच आवाज होता ना. एकोणीस वर्षं वाटतंय, कुणीतरी येऊन काय ते ठरवावं."

"आणि ते माझ्याच गळ्यात पडायचं होतं!"

"तू सगळ्यांत चिवट," ते म्हणाले. हसले बहुतेक.

मला ठरवायचं नव्हतं. अंग मोडून आलं होतं. मी बू हेस्तींकडे गेले.

"या जोडीतली एकही उडवता येत नाही. दोन्ही एक नाहीत."

"किती फरक?"

"अठरा लाख ओळी."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "ऐकलंस?"

"ऐकलं. लांब फाइल कुलूपबंद ठेवू या. न्यी सुकेसींच्या मुलीला कळवते, पुढचं ती सांगेल."

"ठेव," त्या म्हणाल्या. "बाकीच्या किती राहिल्या?"

"सत्तावीस."

मुलीला पत्र लिहिलं. तीनदा खोडलं, चौथ्यांदा दोनच वाक्यं उरली. तेच पाठवलं आणि पुढची जोडी लावली.