काचेआडची लाल गिटार

मित्रांनो, माझ्या पाठीवरून हात फिरवलात तर तुम्हांला एक खोलगट जागा लागेल. कारखान्यातून आले तेव्हा ती नव्हती. मी एक जुनी इलेक्ट्रिक गिटार आहे आणि ती जागा माझ्या मालकिणीच्या पोटासाठी कोरलेली आहे.

जपानच्या डोंगरांतल्या मात्सुमोतो गावात मी घडले. लालभडक रंग आणि जाडजूड मान, म्हणजे जिच्यावर तारा दाबतात ती दांडी. तामाए नावाच्या तरुणीने मला घेतले. गरम झऱ्यांवरच्या हॉटेलांत ती नाचाच्या कार्यक्रमांना वाजवायची. तिचे हात लहान, करंगळी शेवटच्या तारेपर्यंत पोचेना. मग इवासे नावाच्या कारागिराने माझी मान तासली. थोडी तासायची, तिच्या हातात द्यायची, पुन्हा तासायची. मी फार भ्याले होते. पण मग तिची बोटे माझ्यावर अशी पळू लागली की भीती कुठल्या कुठे गेली.

पुढे ती गरोदर राहिली. पोट आड येऊ लागले, तेव्हा इवासेने माझी पाठ कोरली. आम्ही दोघी वाजवत राहिलो. खरे तर तिघी, कारण पोटातली मुलगी ठेक्यावर लाथा मारायची.

शौकीन लोक मला पाहून नाक मुरडत. "चांगल्या वाद्याची वाट लावली," म्हणत.

"वाजवायला आहे ती, बघायला नाही," तामाए म्हणायची.

केस पिकल्यावर एका हिवाळ्यात तिच्या डाव्या अंगावरून वारे गेले. त्या हाताने तार दाबली जाईना. मला जवळ घेऊन ती रडली. तिचा नवरा शिगेओ याला ते बघवले नाही. त्याने आपल्या कॉफीच्या दुकानात काचेचे कपाट केले, आत दिवा लावला, मला उभे केले आणि कुलूप घातले. किल्ली तो कमरेला बाळगी. त्याच्या मनात वाईट काही नव्हते.

पण मित्रांनो, तारा ताणलेल्याच राहिल्या. माझी मान हळूहळू वाकू लागली. दिव्याच्या उष्णतेने लाकूड सुकले. गिऱ्हाइके फोटो काढत, "काय जपलंय!" म्हणत. तामाएला शिगेओ खिडकीपाशी बसवी, माझ्याकडे पाठ करून. ती एका हाताने रुमालांच्या घड्या घाली. मी तिची पाठ बघत असे. ओरडायला मला तिचे हात लागत.

एका दुपारी म्हातारा इवासे कॉफी प्यायला आला. काचेला नाक लावून म्हणाला, "शिगेओ, मान वाकतेय रे. तारा तरी सैल कर."

"हात लावायचा नाही. तिच्या वेळी होती तशीच राहू दे."

"माझी वेळ संपली का हो?" खिडकीजवळून तामाए म्हणाली.

मग ती इवासेकडे वळली. "बोटं दाबत नाहीत, पण हात सरकतो. हिला मांडीवर आडवी घेतली आणि तारांवरून लोखंडी नळी फिरवली तर?"

"वाजेल. पण तारा उंच कराव्या लागतील. मग पूर्वीसारखं बोटांनी नाही वाजवता यायचं."

"म्हणजे पुन्हा पूर्वीसारखं काही होणार नाही," शिगेओ पुटपुटला. माझ्याबद्दल की तिच्याबद्दल, ते मला कळले नाही.

"नाहीच होणार," तामाए म्हणाली. "द्या किल्ली."

त्याने कमरेची किल्ली सोडली, पण ती द्यायला त्याला बराच वेळ लागला.

इवासेने मान सरळ केली, हाडाची उंच पट्टी बसवून तारा वर उचलल्या आणि मला तामाएच्या मांडीवर ठेवले. पहिला सूर मांजराची शेपटी चेंगरल्यासारखा निघाला. तामाए अर्ध्या तोंडाने खळखळून हसली. शिगेओ लगबगीने दार लावायला निघाला, तशी ती म्हणाली, "असू द्या उघडं. ऐकू दे लोकांना."

अजून आमचे सूर घसरतात. काही गिऱ्हाइके उठूनही जातात. तुम्हीही तुमच्या घरात काहीतरी असेच जपून, कोंडून ठेवले असेल. मित्रांनो, ज्याच्यासाठी ते जपता आहात, त्याला एकदा विचारून तर बघा.