मालकांचे कान

कानात थेंब घालायला असा किती वेळ लागतो? कुशीवर झोपायचं, चार-पाच थेंब सोडायचे, थोडं तसंच पडून राहायचं, मग दुसरी कूस. तेही आठवड्यातून एकदा. एवढ्यासाठी वर्षभर मी आमच्या मालकांच्या पाया पडणंच काय ते बाकी ठेवलं होतं.

मागच्या वर्षी धाराशिवच्या डॉक्टरांनी त्यांच्या दोन्ही कानांतला मळ काढला, तेव्हाच बजावलं होतं, "आण्णासाहेब, तुमच्या कानात मळ लवकर साचतो. साचू नये म्हणून हे थेंब घरी घालत राहा. आणि काडी, किल्ली, काही आत घालायचं नाही." मालकांनी मान डोलावली, आणि दवाखान्याच्या पायऱ्या उतरता उतरताच मोटारसायकलची किल्ली कानात घातली. बाटली टीव्हीमागं गेली ती गेलीच. मी काढून हातात दिली की म्हणायचे, "कान माझा हाय. तुला काय करायचंय?"

मला काय करायचंय! ज्याला ऐकू येत नाही तो गप्प बसतो. घसा फाटतो तो दुसऱ्याचा. मी बेंबळीत सून म्हणून आले तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं. सासऱ्यांसमोर बाईचा आवाज निघायचा नाही. मी दाराआड उभी राहून ओठातल्या ओठात बोलायची आणि हे बैलांना वैरण टाकता टाकता सगळं ऐकायचे. बाजारातून काय आणायचं, माहेरी कधी जायचं, सगळा संसार आम्ही कुजबुजत केला. आता म्हातारपणी "चहा घेता का" हेसुद्धा चावडीपर्यंत ऐकू जाईल असं ओरडावं लागतं. गल्लीतली पोरं मला भांडकुदळ आजी म्हणतात. म्हणू देत. पण काही गोष्टी ओरडून बोलायच्या नसतात.

अयोध्या माझी धाकटी बहीण, ईट गावाला दिलेली. नवरा गेल्यावर दिराच्या पोरांनी तिला गोठ्याशेजारच्या खोलीत घातलं, आणि दिवाळीनंतर ती खोलीही मागितली. एक पिशवी घेऊन ती माझ्या दारात आली. "चार दिस राहते, अक्का," म्हणाली. एका गोधडीत झोपून, बापाला ऐकू जाऊ नये म्हणून एकमेकींच्या कानात बोलत आम्ही मोठ्या झालो. तिचं बोलणं मला कळतं. तिला परत जायला जागा नव्हती.

तिला कायमची ठेवून घ्यायची, हे मी मनाशी ठरवलं होतं. पण मालकांना विचारायला हवं होतं, आणि तेही तिच्या कानावर न जाता. ठेवायची की नाही याची चर्चा आपल्याच देखत चाललेली कुठल्या बाईला सोसेल? शेतात नेऊन विचारावं, तर बांधाला लागून ईरण्णाचं रान. तो बातम्या गोळा करायलाच बसलेला.

एका संध्याकाळी मालक ओट्यावर बसले होते. आत अयोध्या भाकरी थापत होती. मी त्यांच्या कानाला तोंड लावलं.

"अयोध्येचं काय करायचं?"

"आं?"

"अयोध्येचं वो!"

"कुणाचं?"

माझा तोल सुटला. "अयोध्येला कायमची ठेवून घ्यायची का न्हाय?"

"उद्या बघू," मालक म्हणाले.

ऐकू आलं नाही की ते हेच म्हणतात. खताचं विचारा, पाहुण्यांचं विचारा, उद्या बघू. हे मला ठाऊक, आमच्या नातवाला, योगीराजला ठाऊक. अयोध्येला कुठून ठाऊक असणार? आत भाकरी थापायचा आवाज थांबला.

सकाळी ती पिशवीत लुगडी भरत होती.

"अगं, त्यांना ऐकूच आलं न्हाय!"

"मला आलं की, अक्का."

"थांब जरा. मी पुन्हा विचारते."

"दाजी सरळ व्हय म्हणले तर राहीन. त्यांच्या चोरून न्हाय राहायची म्या."

मी पिशवी तिच्या हातातून ओढली, कपाटात कोंबली आणि किल्ली कमरेला लावली. मग मालकांचा दंड धरला. उभ्या जन्मात कधी धरला नव्हता. टीव्हीमागच्या बाटलीची तारीख उलटून गेली होती. योगीराजला नवी आणायला पिटाळलं आणि मालकांना खाटेवर आडवं पाडलं.

"अगं, गार लागतंय!"

"लागू द्या!"

"काय म्हणतीस?"

मी काय म्हणत होते ते इथं लिहिण्यासारखं नाही.

डॉक्टरांना फोन करून, ते म्हणाले तसे सकाळ-संध्याकाळ थेंब घातले. मळ मऊ पडल्यावर मालकांना धाराशिवला नेलं. डॉक्टरांनी चिमट्यानं काहीतरी काळं ओढलं. ते लांबतच गेलं. कापूस! लग्नात, उरसात कुणी अत्तराचा फाया दिला की माणसं तो कानाच्या पाळीत खोचतात. आमचे मालक आत सारतात. एका कानातून एक निघाला, दुसऱ्यातून दुसरा. मळानं बरबटलेले, तरी हिन्याचा वास येत होता. डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही. कुणाच्या तरी लग्नातल्या कापसापायी माझी बहीण रस्त्यावर येत होती.

घरी आल्यावर मालक ओट्यावर टेकले. मी पूर्वीसारखी दाराआड उभी राहिले आणि हळूच म्हणाले, "अयोध्येला ठेवून घ्यायची का?"

त्यांनी वळून पाहिलं. कान उघडले होते, पण आवाज अजून बहिऱ्याचाच होता.

"ठेवून घ्यायची म्हंजी? ती राहायलाच आलीया न्हवं? सुताराला तिच्या खाटंचं कवाच सांगून आलोय म्या!"

सगळ्या गल्लीनं ऐकलं. रानात ईरण्णानंही ऐकलं असेल.

"मग बोलला का न्हाय इतके दिस?"

"मला कुणी इचारलं?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कुणी विचारलं! पण तेवढ्यात आत परात सरकली, आणि भाकरीवर थाप पडली. मग दुसरी, जोरात.

मी राग गिळला. "रविवारपासून दर आठवड्याला थेंब घालायचे," मी म्हणाले, तितक्याच हळू.

"उद्या बघू," मालक म्हणाले.

या वेळी त्यांना नीट ऐकू आलं होतं. मी त्यांच्या खिशात हात घातला, मोटारसायकलची किल्ली काढली आणि कपाटाच्या किल्लीशेजारी कमरेला लावली.