ढब्बूची नुकसानभरपाई

साहेबांची सगळी नोकरी विमा कंपनीत दुसऱ्यांची दुखणी तपासण्यात गेली. कुणाचा पाय मोडला, कुणाच्या दुकानाला आग लागली, कुणाच्या गाडीला मागून ठोकलं, की भरपाईचा अर्ज साहेबांच्या टेबलावर यायचा आणि त्यातलं खरं किती, बनाव किती, हे साहेब ठरवायचे. निवृत्त झाल्यावर गल्लीने त्यांचं नाव भरपाईसाहेब ठेवलं. आपल्याला ते आवडत नाही असं ते सांगत, पण हाक आली की लगेच ओ देत. माणूस मनाने मऊ. खोटा अर्ज पकडला तरी त्या माणसाला चहा पाजून परत पाठवायचे, आणि आपल्या हातून एखादा खरा अर्ज तर फेटाळला गेला नाही ना, या काळजीने घरी नीट जेवायचे नाहीत.

त्यांच्या बायकोला सगळे बाई म्हणत. बाईंनी प्राथमिक शाळेत जन्म काढला होता. अजूनही त्या रस्त्याने निघाल्या की त्यांच्या हाताखालून गेलेले मिशीवाले बाप्ये सिगारेट पाठीमागे लपवायचे. घरात तिसरा ढब्बू, त्यांचा कुत्रा. आखूड पाय, लांबलचक पाठ, आणि पोट जमिनीला टेकायला बोटभर बाकी. वय झालं होतं, पण तोरा तरुणपणीचाच होता.

ढब्बूच्या तोंडाला वास येऊ लागला तेव्हा साहेबांनी सवयीप्रमाणे आधी स्वतःवरच संशय घेतला आणि दिवसातून चार वेळा चुळा भरल्या. शेवटी बाईंनी दोघांनाही हुंगून निकाल दिला आणि ढब्बूला प्राण्यांच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टर वयाने लहान, पण बोलायला स्पष्ट. त्यांनी ओठ वर करून दातांवर चढलेलं कीट दाखवलं, सुजलेल्या हिरड्या दाखवल्या. पुढच्या पायाचं एक नख वळून मांसात शिरायच्या बेतात होतं. पूर्ण भूल देऊन दात साफ करता येतील, त्या म्हणाल्या, पण याचं हृदय थकलंय, भूल दिली तर तो उठेलच याची खात्री मी देणार नाही. म्हणून घरी रोज दात घासायचे, नखं थोडी थोडी कापायची आणि काही आठवड्यांनी परत दाखवायचं. तोंड सुधारलं तर भूल टळेल.  घरी येईपर्यंत साहेबांनी ढब्बूला मांडीवरून खाली ठेवलं नाही.

पद्धतही डॉक्टरांनीच समजावली होती. पहिले काही दिवस नुसता ओठ उचलायचा आणि तो शांत राहिला की लगेच खाऊ द्यायचा. मग बोटाने पेस्ट चाटवायची, आणि ब्रश त्याच्याही नंतर. पंजा हातात घ्यायचा, सोडायचा. नखकात्री जवळ नुसती वाजवायची, म्हणजे आवाजाची भीती मोडते. बाईंना यात नवीन काहीच वाटलं नाही, पहिलीतल्या पोरांना पेन्सिल धरायला त्यांनी असंच शिकवलं होतं. कामाची वाटणी झाली. ब्रश आणि कात्री बाईंकडे, खाऊचा डबा साहेबांकडे. गोम इथेच होती.

पहिल्या सकाळी बाईंनी ओठ उचलला, ढब्बू बारीक आवाजात विव्हळला, बाईंनी हात काढून घेतला आणि त्या नळाशी हात धुवायला वळल्या. त्या पाठमोऱ्या झाल्याबरोबर साहेबांचा हात आपोआप डब्यात गेला. बिचाऱ्याला त्रास झाला, त्याचं काही नको का? दुसऱ्या दिवशीही तेच झालं. उलट ढब्बू शांत बसला आणि बाई म्हणाल्या, द्या आता, की साहेब मुंगीला पुरेल एवढा चुरा द्यायचे. ज्याचं काही नुकसानच झालेलं नाही त्याला घसघशीत काही द्यायचं, हे त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं.

ढब्बू दिसायला ढब्बू असला तरी हिशेबाला पक्का होता. आधी तो ओठाला हात लागल्यावर ओरडायचा, मग ब्रश दिसल्यावर ओरडायला लागला, आणि पुढे पुढे तर बाईंनी चष्मा शोधायला मान वळवली तरी घर डोक्यावर घ्यायचा. शेजारच्या काकूंनी कुंपणावरून विचारलं, की बाई, कुत्र्याला मारता की काय. जन्मभर कुठल्या पोराला टपलीसुद्धा न मारलेल्या बाईंच्या हे फार जिव्हारी लागलं. आपल्याच हाताला काही कसब उरलं नाही असं त्यांना वाटू लागलं. तिकडे हिरड्या होत्या तशाच लाल होत्या.

मग लंगडणं सुरू झालं. बाईंनी डाव्या पंजाच्या नखाचं जेमतेम टोक कापलं आणि ढब्बू युद्धातून परतल्यासारखा लंगडत निघाला. साहेबांनी दुप्पट तुकडा मोजला. दुपारी ते खिडकीत उभे होते, तर ढब्बू अंगणात एका मांजरामागे चारही पायांनी सुसाट धावत होता. मांजर भिंतीवर चढलं, ढब्बूने वळून पाहिलं, खिडकीत साहेब दिसले आणि तो तिथल्या तिथे लंगडायला लागला. उजव्या पायाने.

साहेबांना जुनं एक प्रकरण आठवलं. नोकरीत असताना मानेला पट्टा बांधून एक गृहस्थ आले होते. बाहेर कुणीतरी त्यांची स्कूटर हलवली तेव्हा ते गर्रकन मागे वळून ओरडले, आणि साहेबांनी तिथेच अर्ज फेटाळून पेनाला टोपण लावलं होतं. असल्या माणसांना ओळखण्यात ज्यांचे केस पांढरे झाले, त्यांना घरच्या कुत्र्याने उल्लू बनवलं होतं.

संध्याकाळी त्यांनी बाईंना समोर बसवलं.

"अगं, ढब्बू खोटं रडतो," ते म्हणाले.

"ते मला केव्हाच कळलंय. त्याला शिकवलं कोणी, ते कळत नव्हतं." बाईंची नजर साहेबांच्या मांडीवरच्या डब्याकडे गेली. "अहो, ओरडल्याबद्दल तुम्ही त्याला बक्षीस देत होता?"

"बक्षीस नाही गं. भरपाई."

बाईंनी चष्मा काढला. बाईंनी चष्मा काढला की पूर्वी अख्खा वर्ग हाताची घडी घालायचा, साहेबांनीही घातली. पण बाई रागावल्या नाहीत.  त्या म्हणाल्या, की तुमची ही दया अशीच चालली तर एक दिवस तो भुलीच्या टेबलावर झोपेल आणि उठणार नाही, आणि मग ही भरपाई तुम्ही कोणाला देणार आहात.  आपण ज्याच्या जिवाला जपत होतो त्याच्याच जिवावर उठलो होतो, हे साहेबांना तेव्हा लख्ख कळलं आणि फार वाईट वाटलं.

बाईंनी शिस्तीचे नियम समजावून पाहिले, पण साहेबांना ते समजले विम्याच्याच भाषेत. गाडी वर्षभर कुठे आपटली नाही, कसला दावा केला नाही, की पुढच्या हप्त्यात सूट मिळते. नो क्लेम बोनस. म्हणजे न ओरडल्याबद्दल द्यायचं. एवढं डोक्यात शिरल्यावर साहेबांनी धोरणच बदललं. शांत बसल्यावर मोठा तुकडा, ओरडल्यावर छताकडे बघायचं. पहिले काही दिवस ढब्बूने एवढा आक्रोश केला की साहेबांना पाठ करून उभं राहावं लागलं. पण धंदा बुडतोय हे लक्षात आल्यावर त्याने तो बंद केला. हळूहळू तो ब्रश दिसला की स्वतःच चटईवर येऊन बसू लागला, ओठ उचलला तरी गप्प, कात्री वाजली की पंजा पुढे. वळलेलं नख कापलं गेलं. शेजारच्या काकू येऊन बघून गेल्या, आणि बाईंनी त्यांना मुद्दाम दोनदा ब्रश फिरवून दाखवला.

अशाच एका सकाळी ब्रश मागच्या दाढेपर्यंत गेला आणि ढब्बू थांबला. ओरडला नाही, पंजा मारला नाही. नुसतं तोंड बाजूला केलं. साहेबांनी शिरस्त्याप्रमाणे मोठा तुकडा पुढे केला. ढब्बूने तो हुंगला, त्यांच्या तळहातावर तसाच ठेवला आणि जाऊन पलंगाखाली पडला.

"नाटक नवीन दिसतंय," बाई म्हणाल्या.

"नाही," साहेब म्हणाले. "दिलेलं परत करणारा लबाड मी आजवर पाहिला नाही. चल, दवाखान्यात."

डबा काखेतच ठेवून साहेब वहाणा उलटसुलट घालून निघाले. डॉक्टरांनी तोंड उघडलं. हिरड्या निवळल्या होत्या, कीट बरंचसं गेलं होतं, पण मागची एक दाढ मुळापासून हलत होती.  भूल द्यावी लागणार का, हे साहेबांना विचारवेना, म्हणून बाईंनी विचारलं. डॉक्टरांनी ढब्बूचा ओठ उचलला, सोडला, पुन्हा उचलला. ढब्बू बसून राहिला. हा इतका शांत बसतोय तर नुसती जागा बधिर करूनही काढता येईल, त्या म्हणाल्या, दाढ सुटलेलीच आहे. बाईंनी तोंड धरलं, साहेबांनी पंजा धरला, आणि दाढ निघाली.

चिमट्यातली दाढ डॉक्टरांनी उजेडात धरली. ही पुष्कळ दिवस ठणकत असणार, त्या म्हणाल्या, तुम्ही पहिल्यांदा घेऊन आलात तेव्हापासूनच. कीट इतकं होतं की मलाही दिसली नाही.

बाईंनी साहेबांकडे पाहिलं. दोघांच्याही मनात एकच आलं. पुढची नाटकं नाटकं असतील, पण पहिल्या सकाळचं ते बारीक विव्हळणं खरं होतं, आणि नंतर छताकडे बघत त्यांनी जे फेटाळलं त्यातलंही किती खरं होतं, ते आता कोण सांगणार? नोकरीभर ज्याची धास्ती घेतली, ते साहेबांच्या हातून घरात झालं होतं.

साहेब इस्त्रीच्या पँटीनिशी दवाखान्याच्या फरशीवर बसले.

"चुकलं रे माझं," ते ढब्बूला म्हणाले. "तुझं दुखत होतं."

हात डब्याकडे गेला, पण आज काही खायला द्यायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. देण्यासारखं साहेबांजवळ काहीच नव्हतं. चेक हातात पडल्यावर मागे वळून बघणारा माणूस त्यांना सगळ्या नोकरीत भेटला नव्हता, आणि त्यांनीही कधी तशी अपेक्षा ठेवली नव्हती. ढब्बू उठला, बधिर तोंडाने लाळ गाळत त्यांच्याजवळ आला आणि त्यांच्या मांडीवर हनुवटी टेकून त्याने डोळे मिटले.

डॉक्टर म्हणाल्या, झालं, आता घरी न्यायला हरकत नाही. साहेबांना उठवेना. बाई वाकून पर्स उचलत होत्या, ती त्यांनी पुन्हा खाली ठेवली आणि गुडघा धरत धरत त्याही फरशीवर बसल्या.