बफर वाढवा

आत्मा अमर आहे, ही गोष्ट अखेर आमच्या आदिलाबाद जिल्ह्यात निर्विवाद सिद्ध झाली. सिद्ध केली मावल्याच्या सुरेंद्रच्या कॉम्प्युटरने, आणि त्यासाठी त्याला फक्त आधारकार्डाच्या झेरॉक्सचे काम बाजूला ठेवावे लागले.

त्या सकाळी सुरेंद्रच्या दुकानासमोर इतकी गर्दी होती, की निर्मलची बस हॉर्न वाजवून थकली. शेवटी ड्रायव्हर खाली उतरून विचारू लागला, "एमैंदि? काय झालं?" आत मेलेला माणूस गातो आहे, असे कोणीतरी सांगितले. "तेलुगूत गातो का मराठीत?" मराठीत, असे कळल्यावर तो परत बसमध्ये चढला.

आत म्हणजे दुकानाच्या मागची खोली. पुढच्या खोलीत झेरॉक्स, लॅमिनेशन आणि जन्मपत्रिका. मागे भिंतींना गोधड्या ठोकलेल्या, एक माइक आणि एक दमेकरी कॉम्प्युटर. याला सुरेंद्र स्टुडिओ म्हणतो. आम्हीही म्हणतो. शेजारधर्म आहे.

माइकसमोर बयनाबाई बसली होती. कानाला हेडफोन, डोक्यावर पदर. तिने अभंगाची एक ओळ म्हटली, थांबली आणि हळूच म्हणाली, "आले."

"आले," दारातला माणूस म्हणाला. "आले, आले," असे होत होत ते पार रस्त्यापर्यंत गेले.

आले म्हणजे वामनराव आले. बयनाबाईचा नवरा. गेल्या वर्षी वारला.

वामनराव बाजारात भाजी विकायचा. संध्याकाळी उरलेली मेथी ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवली की पेटी काढून ओट्यावर बसायचा. बयनाबाई पुढे म्हणायची, तो मागे म्हणायचा. ओळ तिची, झील त्याची. आणि हा गृहस्थ जन्मभर मागे म्हणताना थोडा उशिरा आला. "तुमी मागं पडता," ती म्हणायची. "मागं म्हणणाऱ्यानं मागंच असावं," तो म्हणायचा. मी शेजारच्या पायरीवर बसून हे भांडण ऐकायचो. तो गेल्यावर त्या घरातून फक्त कुकरची शिट्टी ऐकू यायची, आणि तीही एका माणसाच्या भाताची.

त्यांचा मुलगा पंढरी बेल्लमपल्लीला खाणीत आहे. वर्षश्राद्धाला सुट्टी मिळेना, म्हणून त्याने फोनवर सांगितले, "आई, तुझा अभंग रेकॉर्ड करून पाठव. तेवढंच ऐकीन." एवढ्यासाठी बयनाबाई सुरेंद्रच्या स्टुडिओत आली. चमत्कार तिच्या मनातही नव्हता.

सुरेंद्र मात्र हौशी. म्हातारीच्या एका अभंगाला त्याने कॉम्प्युटरमधून तबला दिला, टाळ दिले, बासरी दिली, तंबोरे दिले, देवळाचा घुमारा दिला. तिचा आवाज बारीक, म्हणून त्याच्या खाली एक जाड आवाज देणारे सॉफ्टवेअर लावले. मग तिला गायला सांगितले, तर हेडफोनमधून गाण्याऐवजी कट, कट, कडकड. मध्येच सारे बंद. मग परत कडकड.

गल्लीतले वडीलधारे चंपतराव तिथे पत्रिकेसाठी बसले होते. हेडफोन बाजूला ठेवला तरी ऐकू यावी अशी ती कडकड होती. ते म्हणाले, "वामन दात खाऊन राह्यला."

सुरेंद्रने हैदराबादला भारतला फोन लावला. भारत याचा मित्र, तिथल्या एका स्टुडिओत कामाला. फोन स्पीकरवर होता, म्हणून सगळ्यांनी ऐकले. भारत म्हणाला, "अन्ना, बफर वाढव. बफर वाढवल्याबिगर तो शांत होत नाही." आणि लाइन कटली.

आता आमच्याकडे पंगत जाऊन कितीतरी वर्षे झाली. लग्नात लोक हातात ताट घेऊन उभ्याने जेवतात, त्याला आम्ही बफर म्हणतो. बफर वाढव म्हटल्यावर चंपतरावांना दुसरा अर्थ सुचण्याचे कारणच नव्हते.

"बरोबर हाय त्याचं," ते म्हणाले. "एवढा भाजीवाला मेला, आन् तेरवीत वांगंसुदा धड शिजलं नवतं. त्याचा जीव अडकला हाय."

दुसऱ्या दिवशी दुकानासमोर मांडव घालून वामनरावच्या नावाने बफर वाढला. वांग्याची भाजी, पुऱ्या, बुंदी. सुरेंद्र अर्ध्या ताटावरून उठून आत गेला आणि कॉम्प्युटरशी काहीतरी खटपट करून परत आला. लोकांचे लक्ष बुंदीकडे होते.

संध्याकाळी बयनाबाई गायला बसली. कडकड नाही. दात खाणे थांबले होते. आणि पहिल्या ओळीतच ती पांढरी पडली.

"मागं कोनीतरी म्हणून राह्यलं."

"कोण?"

"पुरुषमाणूस." तिने आणखी एक ओळ म्हणून पाहिली. "तेच हायेत. तसेच मागं पडतात."

सुरेंद्रने रेकॉर्ड झालेले लावून पाहिले. त्यात मागे कोणी नव्हते. एकट्या बयनाबाईचा भरदार आवाज. म्हणजे वामनराव फक्त बायकोला ऐकू येतो, मशीनला सापडत नाही. यापेक्षा वेगळा पुरावा कोणाला हवा होता? हेडफोन एकच, आणि माइक चालू असताना स्पीकर लावला की शिट्टी वाजते. दुसऱ्या कोणी ऐकून पाहावे, तर चंपतरावांनी ते बंद केले. "नवराबायकोच्या बोलण्यात तिसऱ्यानं कान घालू नये."

तेव्हापासून बयनाबाई रोज येऊ लागली. धुतलेले लुगडे नेसून, डोक्याला तेल लावून. अभंग झाला तरी उठायची नाही. माइकसमोर बसून बोलायची. वांगी महाग झाल्याचे सांगायची, पंढरीच्या फोनचे सांगायची. त्याच्याकडून उत्तर म्हणून तिचेच शब्द परत यायचे, जाडसर आवाजात, थोडे उशिरा. तिला ते चालत होते. वामनराव जिवंतपणीही याहून फारसे वेगळे बोलत नसे.

गर्दी जमली की महाराज येतात. हे तरंगबाबा नांदेडच्या बाजूने आले. अंगावर भगवे, मनगटावर पावले मोजणारे घड्याळ, सोबत दोन शिष्य. कॉम्प्युटरला एक प्रदक्षिणा घालायचा बेत होता, पण मागे भिंत असल्याने अर्धीच झाली.

"ये तो क्लिअर केस है," ते म्हणाले. "आत्मा सूक्ष्म फ्रिक्वेन्सी में आ गया है. आधा हार्डवेअर में, आधा सॉफ्टवेअर में. इनका कोई बाजा था क्या?"

"पेटी हाय," बयनाबाई म्हणाली.

"बस. वही हार्डवेअर है. पेटी आश्रम में जमा करो, माई. आत्मा पूरा का पूरा मुक्त हो जाएगा."

"मुक्त मंजे? जातील?"

"हाँ, माई. और नहीं दिया तो ऐसे ही तार पे लटकता रहेगा."

त्या रात्री तिच्या घरातून कुकरची शिट्टीही ऐकू आली नाही. सकाळी मी ओट्यावर गेलो, तर ती वामनरावच्या धोतरात पेटी बांधत होती.

"बयनाबाई, विचार करून द्या."

"केला, भाऊजी. पेटी गेली, तेबी गेले. मले काय उरते? काईच नाई." तिने गाठ मारली. "पन त्याईचा जीव लटकून राह्यला असन, आन् म्या आपल्या सोबतीसाठी लटकवून ठेवावं, हे बरं नाई दिसत."

 पेटी उचलू लागलो, एवढेच.

म्हणून ती सकाळ. म्हणून ती गर्दी आणि ती निर्मलची बस. पेटी देण्याआधीची शेवटची भेट चालली होती, आणि लोक दारात डोळे पुसत उभे होते. तेवढ्यात गर्दीतून वाट काढत मंजुषा आली. ही शाळेत गणित शिकवते आणि मुलांच्या कविता घरच्या जुन्या लॅपटॉपवर रेकॉर्ड करते. हातात प्रश्नपत्रिका होती.

"सुरेंद्र, झेरॉक्स पाहिजे. तू दे, नाहीतर वामनकाकांना द्यायला सांग."

"मॅडम, हळू बोला," चंपतराव म्हणाले. "आत वामन हाय."

तिने सारा प्रकार ऐकून घेतला. कडकड, बफर, मागे म्हणणे, सारे. मग सुरेंद्रकडे पाहिले. सुरेंद्र झेरॉक्स मशीनचे झाकण पुसू लागला.

"काकू, एक मिनिट देता का मला?" तिने हेडफोन मागितला. बयनाबाईने दिला. बाबा म्हणाले, पराई स्त्री को आत्मा उत्तर नहीं देगा. मंजुषाने माइकसमोर बसून म्हटले, "एकोणतीस एके एकोणतीस. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न." आणि सगळा पाढा म्हणून थांबली.

"काकू, काका किती शिकले होते?"

"दुसरी. त्यातबी नापास."

"मग त्यांना एकोणतीसचा पाढा येतो कसा? एकदाही चुकले नाहीत. माझा अख्खा वर्ग चुकतो."

बाबा डगमगले नाहीत. "देह छूटते ही सर्वज्ञान हो जाता है, बेटी."

"असेल. तुम्हीच खात्री करा." तिने त्यांच्या एका कानाला हेडफोनची एक वाटी लावली आणि दुसरी माझ्या कानाला. बाबांनी गंभीर होऊन मंत्र म्हणण्यासाठी घसा साफ केला. क्षणभराने वामनरावनेही घसा साफ केला. बाबा दचकून खोकले. वामनरावही खोकला.

"महाराज," मी म्हणालो, "तुमचा खोकला वामनरावला लागलेला दिसतो."

मग चंपतरावांना राहवेना. त्यांनी हेडफोन लावून दरडावून विचारले, "कोन हाय बे?" आणि लाल होऊन तो काढून ठेवला. "मले बे म्हनते?"

तेवढ्यात दारातली माणसे हसली आणि चमत्काराचे बारा वाजले.

मंजुषाने सुरेंद्रला विचारले, "भारतनं सांगितल्यावर तू काय केलंस?"

"बफर वाढवला. पार शेवटपर्यंत." तो मान खाली घालून म्हणाला. "कडकड थांबली. मले वाटलं, त्याच्यानंच थांबली असन. पन त्याच टायमाला बुंदीबी झाली होती, मॅडम. मंग मलेबी पटलं."

"म्हणजे दोन्ही बफर एकाच दिवशी वाढले." ती लोकांकडे वळली. "ऐका. हा कॉम्प्युटर म्हणजे एक आचारी. तबला, टाळ, बासरी, घुमारा, सगळं एकट्यानं रांधतो. आवाजाचा एकेक घास वेळेवर वाढायचा असतो. जमलं नाही की ताट रिकामं राहतं. ती तुमची कडकड. मग काय करायचं? आधी मोठ्या परातीत काढून ठेवायचं आणि तिथून वाढायचं. परात मोठी केली की ताट रिकामं राहत नाही."

"मंजे बफरच," चंपतराव म्हणाले. त्यांचा चेहरा थोडा उजळला.

"बफरच. पण परातीतलं कधीही थोडं आधी शिजलेलं असतं. काकू आत्ता गातात, मशीन ते परातीत ठेवतं, त्यावर जाड आवाज चढवतं आणि मग त्यांच्या कानात वाढतं. उशिरा. रेकॉर्ड लावताना मशीन सगळ्या परातींचा हिशेब जुळवून एकदम वाढतं, म्हणून त्यात काका नसतात."

"मंग याले इलाज?"

"आचाऱ्याचं ओझं कमी करायचं. जे वाजवून झालंय ते आधीच पक्कं करून बाजूला ठेवायचं, परत परत रांधायचं नाही. घुमारा शेवटी. जाड आवाज शेवटी. गाताना परात लहान." ती पडद्याकडे वाकली. "आणि हे मागं काय चालू आहे, सुरेंद्र?"

"पत्रिकेचा प्रोग्राम हाय. चालूच राह्यते."

तिने पत्रिका बंद केली. कॉम्प्युटरचा पंखा इतका हळू झाला, की खोलीतले लोक स्वतःचा श्वास ऐकू लागले. एखाद्या यंत्राला पत्रिका बंद केल्याने एवढे बरे वाटलेले मी प्रथमच पाहिले.

मग हेडफोन परत बयनाबाईला दिला. तिने ओळ म्हटली. थांबली. वाट पाहिली. आणखी एक म्हटली.

"कोनी नाई," ती म्हणाली. "एकटीच हाय."

 बाबा तेवढ्यात बाहेर सटकले होते. त्यांचा एक शिष्य मात्र सुरेंद्रला विचारत मागे राहिला, की इथे पेटीचा भाता शिवून देणारा कोणी आहे का. आश्रमाच्या पेटीचा फाटला आहे. त्यावरून आम्हाला हार्डवेअरचा अर्थ कळला.

सांगायचे ते इतकेच. कानात आवाज आला तर आधी वायर कुठून आली आहे ते पाहावे. दोन गोष्टी एका दिवशी घडल्या म्हणून त्यांचे लग्न लावू नये. बुंदी खावी, पण कडकड थांबल्याचे श्रेय तिला देऊ नये. आणि तरंगबाबाला विद्युल्लहरी लागत नाहीत, फ्रिक्वेन्सी लागत नाही. त्याला लागते एका माणसाचा भात शिजणारे घर. ते घर त्याच्याआधी शेजाऱ्यांना सापडले, तर त्याचा धंदा बसेल. मी शेजारी आहे. पायरीवर बसून कुकर ऐकत होतो. ओट्यावर जायला हवे होते, एवढे मला त्या सकाळी पेटी उचलताना समजले.

अभंग दुपारी रेकॉर्ड झाला. स्वच्छ, न अडखळता. पंढरीला पाठवला. संध्याकाळी मी पेटी परत घरी पोचवायला म्हणून दुकानात गेलो, तर बयनाबाई अजून माइकसमोरच बसलेली. गर्दी नव्हती. सुरेंद्र शटर अर्धे ओढून उभा होता.

"सुरेंद्र," ती म्हणाली, "तो बफर वाढव जरा."

"काकू, तो तुमचाच आवाज हाय. मॅडमनं सांगितलं ना?"

"समजलं रे. मले काय येड लागलं? माहाच हाय. पन मागं कोनी झेललं नाई, तर ओळ खाली पडते."

सुरेंद्रने माझ्याकडे पाहिले. मी विवेकवादी माणूस. मी उचललेली पेटी खाली ठेवली आणि मान हलवली.

त्याने परात मोठी केली, आणि वर जाड आवाजही लावला. ती हेडफोन कानावर ठेवता ठेवता थांबली.

"आन् तेवढा जाड नको करू. सर्दी झाल्यावानी वाटते त्याईले."