गूजचं गूज

मी गूज बोलतोय.

हितगुजातलं गूज नव्हे, पक्षी. काळी मान, हनुवटीखाली पांढरा पट्टा, अंगाने धष्टपुष्ट. मराठी माणसं मला पाहिलं की आधी आपसांत भांडतात. एक म्हणतो बदक, दुसरा म्हणतो हंस, तिसरा मोबाइलमध्ये बघून सांगतो, "अरे, हा कॅनडा गूज आहे." कॅनडा मी जन्मात पाहिलेला नाही. माझा जन्म अमेरिकेतला, न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेचा, विद्यापीठाच्या तळ्याकाठचा. माझे आजोबाही इथलेच. पण नावापुढे एकदा देश चिकटला की सुटत नाही.

मला मराठी कसं येतं, असं तुम्ही विचाराल. आमच्या तळ्याकाठी एक बाक आहे. महाराष्ट्रातून शिकायला आलेली पोरं त्या बाकावर बसून घरी फोन करतात, आणि पलीकडची आई स्पीकरवर असते. अंड्यातून बाहेर आल्यापासून मी तेच ऐकत आलो. "जेवलीस का?" हे मी शिकलेलं पहिलं वाक्य. त्यामुळे माझं मराठी जरासं आयांच्या वळणाचं आहे, ते चालवून घ्या.

वसंत आला तसा मी आणि माझ्या बायकोने संसार मांडायचा ठरवला. जागा तिनेच पसंत केली. जीवशास्त्राच्या इमारतीच्या पुढच्या दाराला लागून सिमेंटची एक मोठी कुंडी आहे. ऊन छान, वारा कमी, आणि माणसांची वर्दळ भरपूर. मी म्हटलं, वर्दळ नको. ती म्हणाली, "मग तू कशाला आहेस?" झालं. ती अंड्यांवर बसली आणि मी दारावर उभा राहिलो.

दुसऱ्याच दिवशी चैत्राली आली.

चैत्राली कराडची. पीएच.डी.चं दुसरं वर्ष, गव्हाच्या मुळांशी राहणाऱ्या जिवाणूंवर काम. त्याआधी तिने इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात वर्षभर एम.एस्सी. केलं होतं, आणि त्या वर्षातून ती अजून पुरती परतली नव्हती. पाऊस नसताना पिवळा रेनकोट घालायची. चहात आधी दूध की आधी पाणी यावर बोलायची. आणि 'सॉरी' म्हणायची. दाराला धक्का लागला, सॉरी. समोरून कुणी तिच्या पायावर पाय दिला, तरी हीच सॉरी.

मलाही म्हणाली. दोन पावलं अलीकडे थांबून, मान किंचित झुकवून, "सॉरी, एक्स्क्यूज मी."

आता आमच्यात एक साधा नियम आहे. जो मागे सरतो, त्याच्या मागे लागायचं. मी पंख पसरले, मान खाली घातली आणि फुत्कारत निघालो. पिवळा रेनकोट पार्किंगपर्यंत पळाला. फार समाधान वाटलं. बायकोनेही "बरं केलंस" अशा अर्थाचा आवाज काढला, जो ती वर्षातून एकदाच काढते.

चार दिवसांत आणखी बरेच जण पळवले. मग पिवळं जाकीट घातलेला एक माणूस आला, त्याने लांबूनच वाट अडवायचे शंकू मांडले आणि पाटी लावली : मागच्या दाराने जा. आमचं घरटं हलवायला सरकारी परवानगी लागते म्हणे. मागचं दार कचऱ्याच्या डब्यांपाशी होतं. सगळी इमारत नाक दाबून तिकडून ये-जा करू लागली.

चैत्राली बाकावरून आईला सगळं सांगायची. तिची आई, नंदाताई, शाळेत शिक्षिका.

"आई, इथे दारातच गूज आहे गं."

"कुणाचं गूज?"

"कुणाचं म्हणजे? कुणाचंच नाही. गूज आहे."

"अगं, मग सांग की मला! आईपासून काय लपवायचं?"

"आई, पक्षी! पक्षी आहे तो. चावतो."

एवढा घोळ निस्तरेपर्यंत माझं गवत खाऊन झालं. शेवटी नंदाताईंनी निकाल दिला. "म्हणजे हंसच की. सरस्वतीचं वाहन आहे बाई ते, आणि तू पळतेस! परीक्षा आलीय ना तोंडावर? नमस्कार कर त्याला."

चैत्रालीने तळ्यापलीकडून मला नमस्कार केला. मी एक पाऊल पुढे टाकलं. ती हात जोडलेल्या अवस्थेतच पळाली.

हे तिच्या लॅबमधल्या यशने ऐकलं. यश इथल्याच एडिसन गावात जन्मलेला, आई-वडील ठाण्याचे. त्याचं मराठी ऐकून माझ्यासारख्या पक्ष्यालाही कानात चोच घालावीशी वाटते. तो म्हणाला, "माझी आजी पण म्हणतो, हंस दूध आणि पाणी वेगळा करते. लेट्स टेस्ट इट, यार." आणि त्याने शंकूपलीकडून पाणी घातलेलं दूध वाटीतून माझ्याकडे सरकवलं. मी वाटीत पाय दिला. दूध आणि पाणी दोन्ही त्याच्या बुटांवर गेलं, अजिबात वेगळं न होता.

यश वाईट मुलगा नव्हता. बूट पुसता पुसता म्हणाला, "ड्यूड, तू जर्सीचा ना? तरी सगळे तुला कॅनडा म्हणतात. सेम हिअर. मला पण सगळे विचारतात, बट व्हेअर आर यू रिअली फ्रॉम?" मी त्या दिवशी त्याला चावलो नाही.

परीक्षेचं प्रकरण मला हळूहळू समजलं. पीएच.डी.च्या मध्यावर एक तोंडी परीक्षा असते. पास झालं तर पुढे जायचं, नापास झालं तर बॅग भरायची. चैत्रालीच्या मार्गदर्शक प्रीता. इथे सगळे त्यांना नुसतं प्रीता म्हणतात, चैत्रालीला ते मरेपर्यंत जमणार नाही, ती प्रीता मॅडम म्हणते. परीक्षेची रंगीत तालीम कुंडीशेजारच्याच तळमजल्यावरच्या खोलीत झाली. खिडकी अर्धी उघडी असायची, कारण बाहेर वसंत आला तरी आतला हीटर कुणाला बंद करता येत नव्हता.

यशने खोटा परीक्षक होऊन काहीतरी विचारलं. चैत्रालीने बरोबर उत्तर दिलं. "शुअर?" यश म्हणाला. चैत्राली लगेच, "सॉरी, नाही, म्हणजे तुमचंही बरोबर असू शकेल."

"चैत्राली," प्रीता मॅडम म्हणाल्या, "त्याने प्रश्नसुद्धा चुकीचा वाचला होता! तुला सगळं येतं गं. पण समोरच्याने भुवई उचलली की तू मागे सरतेस."

मी बाहेरून मान डोलावली. माझं निरीक्षण तेच होतं.

आणि खरी गोम पुढे होती. समितीत बाहेरचा एक परीक्षक लागतो, आणि त्या वर्षी तिचे इंग्लंडमधले सर, प्रोफेसर पेंबर्टन, सहा महिन्यांसाठी अमेरिकेत आले होते. प्रीता मॅडमनी त्यांनाच बोलावलं. पेंबर्टन सरांचा एक गाजलेला सिद्धांत होता, की ते जिवाणू गव्हाला मदत करतात. चैत्रालीच्या प्रयोगांत दिसत होतं की ते फुकटे आहेत. गव्हाच्या घरी राहतात, खातात, आणि भांडीसुद्धा घासत नाहीत. इंग्लंडमध्येच तिला ही शंका आली होती. तेव्हा सर म्हणाले होते, "आर यू क्वाइट शुअर?" आणि तिने ते पानच काढून टाकलं होतं.

बाकावर ती आईला म्हणाली, "मी त्यांच्या तोंडावर कसं सांगू, तुमचं चुकलं म्हणून?"

"उद्धटपणे नको सांगूस," नंदाताई म्हणाल्या. "पण सांग. आणि जेवलीस का?"

परीक्षेचा दिवस उजाडला. पाटी मी आदल्याच दिवशी पाडली होती. तिच्यावर माझं चित्र होतं आणि त्यात मी जाड दिसत होतो. त्यामुळे पुढच्या दाराने जायचं नाही, हे पेंबर्टन सरांना कळायला मार्ग नव्हता. उंच, पिकलेले केस, वागण्यात अदब. मला पाहून थांबले, "गुड मॉर्निंग," म्हणाले. इथवर ठीक होतं. मग दोन थेंब पडले आणि त्यांनी छत्री उघडली.

माझ्या तोंडासमोर कुणी फटकन् काळे पंख पसरले तर मी काय समजायचं?

पुढचं सगळं भराभर झालं. मी धावलो. सर मागे सरले, मागे झुडूप होतं, सर झुडपात बसले. त्यांचा एक बूट माझ्या बाजूला राहिला. मी तो चोचीत धरला. सर उघड्या छत्रीआडून "आय से! आय से!" म्हणत होते, पण पुढे काही म्हणत नव्हते.

तेवढ्यात पुढचं दार उघडलं. कितीतरी दिवसांत त्या दारातून कुणी बाहेर आलं नव्हतं. चैत्राली. अंगात कोट, हातात स्लाइड बदलायचा रिमोट. खिडकीतून तिने सगळं पाहिलं होतं. मी बूट टाकला, तिच्याकडे वळलो आणि फुत्कारलो. आता ही सॉरी म्हणणार आणि पळणार.

ती पळाली नाही. तिने दोन्ही हात पंखांसारखे पसरले, आणि तोंड उघडलं.

"ए गाढवा! लाज नाही वाटत? वयस्कर माणूस आहे तो! मी काय तुझी अंडी खायला आलेय? इतके दिवस कचऱ्यातून जातेय तुझ्यापायी, काही बोलले का? मागं हो! मागं हो म्हटलं ना!"

मला आयुष्यात गाढव कुणी म्हटलं नव्हतं. पण ते शब्दांचं नव्हतं, आवाजाचं होतं. बाकावरच्या स्पीकरमधल्या सगळ्या आया एकदम माझ्यासमोर उभ्या राहिल्या. माझे पाय आपोआप मागे गेले. एक पाऊल, मग आणखी एक. मी थेट कुंडीला टेकलो. वरून बायको बघत होती. त्याबद्दल मी अधिक बोलणार नाही.

चैत्रालीचं अजून संपलं नव्हतं. ती झुडपाकडे वळली. "आणि सर, तुम्ही! ती छत्री मिटा आधी!"

हेही मराठीतच. पेंबर्टन सरांनी तत्क्षणी छत्री मिटली.

परीक्षा उशिरा सुरू झाली. सर एका बुटावर आणि एका ओल्या मोज्यावर बसले होते, कारण दुसऱ्या बुटाचा आकार आता बुटासारखा राहिला नव्हता. मी खिडकीखाली होतो. चैत्रालीने आपले निष्कर्ष मांडले. मग सरांनी भुवई उचलली.

"आर यू क्वाइट शुअर?"

मी श्वास रोखला. बायकोनेही मान वर केली.

"हो सर," चैत्राली इंग्रजीत म्हणाली, "खात्री आहे. तुमचा निष्कर्ष एका शेतातल्या मातीवरून काढला होता. मी अनेक शेतांतली माती तपासलीय. हे जिवाणू फुकटे आहेत."

पुढे सॉरी येईल म्हणून सगळेच थांबले होते. आली नाही. सर वाद घालू लागले, तीही घालू लागली. ते आकडे विचारायचे, ती आकडे द्यायची. एकदा तर तिने रिमोट त्यांच्यावर असा रोखला की ते छत्री शोधू लागले. शेवटी खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "हे तू इंग्लंडमध्ये का नाही बोललीस?"

"तिथे तुम्ही चहा फार छान पाजायचात, सर."

मग तिला बाहेर थांबायला सांगितलं. ती पुढच्या दाराने आली आणि पायरीवर बसली, माझ्यापासून हातभर अंतरावर. रिमोट अजून हातातच होता. मी फुत्कारायला तोंड उघडलं, तर बायकोने असं पाहिलं की मी जांभई दिल्यासारखं केलं. तिचा फोन वाजत होता, ती उचलत नव्हती.

दार उघडलं. प्रीता मॅडम काही बोलायच्या आत मागून यश ओरडला, "ती पास झाला! चैत्राली पास झाला!"

चैत्राली रडली, हसली, आणि तिथल्या तिथे आईला फोन लावला. नंदाताईंचा पहिला प्रश्न होता, "हंसाला नमस्कार केलास ना?"

चैत्रालीने माझ्याकडे पाहिलं. "हो आई, केला. थोड्या वेगळ्या पद्धतीने."

त्यानंतर काही दिवसांनी अंडी फुटली. आता जूनचा उन्हाळा आहे. माझी जुनी पिसं गळतायत, नवी यायची आहेत, त्यामुळे सध्या मला उडता येत नाही. वजन वाढलंय. पुढचं दार उघडलंय, कुंडीत कुणीतरी झेंडू लावलाय. आम्ही सगळे चालत फिरतो. चैत्राली दिसली तर मी फुत्कारतो, पण ते आता नुसतं ओळखदेख म्हणून.

मुलांनो, ऑगस्टमध्ये तुमच्यातले नवे येतील. बॅगा ओढत, फोनवर घरच्यांना तळं दाखवत. तुम्हाला एवढंच सांगणं आहे. ब्रेड टाकू नका, आमचं पोट बिघडतं. आणि रस्त्यात आमची रांग दिसली, तर गाडी थांबवा आणि हॉर्न वाजवू नका. पलीकडे गेल्यावर मला पिल्लं मोजायची असतात. बायको म्हणते पिल्लं सहा आहेत, मला पाचपर्यंतच मोजता येतं, आणि मध्येच हॉर्न वाजला की मला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.