माफी मागणारं यंत्र

कुवाबाता साहेबांनी गाडीची किल्ली मागितली, तेव्हाच शिहो तात्सुमीने ओळखलं, आज काही खरं नाही. कावागोएच्या त्या कंपनीत वर्षानुवर्षं गाड्यांचे रेडिओ बनत. आता बोलून रस्ता दाखवणारं यंत्र तयार झालं होतं आणि शिहोची दोन वर्षं त्यात खपली होती. विभागप्रमुख कुवाबाता आज ते स्वतः पारखणार आणि बारा वाजता ईल माशाच्या खानावळीत अध्यक्षांना निकाल सांगणार. ‘नाही’ म्हणाले की यंत्र अडगळीत, आणि शिहो पुन्हा रेडिओची बटणं तपासायला.

त्यात बसण्याचा घोळ. एरवी मानाची जागा मागची. पण साहेबच गाडी चालवणार म्हटल्यावर मान त्यांच्या शेजारी आला. म्हणून तिथे बसले उपप्रमुख ईझुका, ज्यांना यंत्र सुरू कसं करायचं तेही ठाऊक नव्हतं. आणि जिने ते घडवलं ती मागे, अध्यक्षांसाठी घेतलेल्या मिठाईच्या खोक्याजवळ.

“तीनशे मीटरवर उजवीकडे वळावं,” यंत्र गोड आवाजात म्हणालं.

साहेब डावीकडे वळले. “तीस वर्षं झाली मला या भागात. मला काय रस्ता सांगतंय!”

“आणि हा रस्ता कसा मोकळा आहे, साहेब,” ईझुका म्हणाले.

“क्षमा असावी,” यंत्र म्हणालं. “माझं सांगणं कमी पडलं. नवा रस्ता शोधत आहे.”

शिहोने ओठ चावला. तिने मुळात साधं वाक्य घातलं होतं: ‘आपण वळण चुकलात.’ पण कंपनीच्या शिष्टाचार समितीने त्यावर अकरा बैठका घेतल्या. गिऱ्हाईक चुकलं असं यंत्राने तोंडावर म्हणायचं? शांतं पापम्! शेवटी ठरलं की चूक कोणाचीही असो, यंत्राने ती आपल्या अंगावर घ्यावी.

साहेब पुढच्या वळणालाही चुकले. त्याच्या पुढच्याही. यंत्र बिचारं दर खेपेला माफी मागत होतं. बाराला दहा मिनिटं उरली तेव्हा गाडी नाशपातीच्या बागांमधल्या बोळात शिरली, आणि दोन्ही बाजूंच्या फांद्या काचा घासायला लागल्या.

“क्षमा असावी. माझं सांगणं कमी पडलं.”

साहेबांनी करकचून ब्रेक मारला. “ईझुका, ऐकलंत? सहाव्यांदा कबूल करतंय!”

“प्रामाणिक आहे, साहेब.”

“प्रामाणिक असेल, पण कुचकामी आहे! दर वळणाला चुकणारं यंत्र गिऱ्हाइकाच्या गळ्यात कसं मारायचं? मी अध्यक्षांना सरळ नाही म्हणून सांगणार.”

म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी! शिहोने ईझुकांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेरच्या नाशपाती मोजत बसले होते. तिला रडू आलं, आणि रडण्यापेक्षा जास्त राग आला.

“साहेब, यंत्र नाही चुकलं,” ती म्हणाली. “तुम्ही चुकलात. सहाही वेळा.”

ईझुकांनी डोळे मिटले.

साहेब हळूच मागे वळले. “मग ते तसं सांगत का नाही?”

“सांगत होतं, साहेब. समितीने ते वाक्य काढायला लावलं.”

“कोण गाढव आहे त्या समितीचा प्रमुख?”

शिहोने मिठाईचं खोकं सरळ केलं. ईझुकांनी टाय सारखा केला. पण साहेबांची नजर हटेना, तेव्हा ईझुका बसल्या जागी कमरेत इतके वाकले की कपाळ समोरच्या कप्प्यावर आपटलं.

“आपणच, साहेब.”

साहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग त्यांनी कोटाची बटणं लावली, यंत्रापुढे मान लववली आणि पुटपुटले, “क्षमा असावी. माझं ऐकणं कमी पडलं.”

“दोनशे मीटर मागे जाऊन डावीकडे वळावं,” यंत्र म्हणालं.

साहेबांनी गाडी मागे घेतली आणि डावीकडे वळवली. “तात्सुमीबाई, ते वाक्य उद्याच परत घाला. अध्यक्षांना मी सांगतो.”

मागच्या सीटवर शिहो एकाच वेळी हसत आणि रडत होती.

“आणि ईझुका,” साहेब म्हणाले, “परत जाताना तुम्ही मागे बसा.”