मोतीबाईंच्या ओट्याजवळचा निळा ड्रम

मित्रांनो, मी एक जुना निळा ड्रम आहे. पळसदरीला मोतीबाईंच्या ओट्याजवळ मला पाहाल, तर तुम्हाला वाटेल की ड्रम दोन आहेत. तसे नाही. मी एकच आहे, फक्त आडवा कापलेला. माझ्या खालच्या भागात चिलापी मासे राहतात आणि वरच्या भागात ओढ्यातल्या गोट्यांमध्ये पालक, पुदिना आणि मिरच्या येतात. मातीचा एक कण नाही.

माझा जन्म कुठला ते मला ठाऊक नाही. साजगावच्या एका कारखान्यात मी गोड पाक भरून आलो, एवढे आठवते. पाक संपला आणि मला भिंतीकडेला उन्हात उभे केले. दोन उन्हाळे मी रिकामा होतो. मग टेंपोवाला रूपेश आला आणि मला घरी घेऊन गेला. त्याच्या बायकोने, हर्षलाने, मला आतून धुतले, माझ्या अंगावर खडूने रेघ मारली आणि इथून काप म्हणून सांगितले. कटर लागला तेव्हा मी जीव खाऊन ओरडलो. सगळ्या आळीने ऐकले.

हा खटाटोप होता मोतीबाईंसाठी. हर्षलाच्या या सासूबाईंनी चाळीस वर्षे भात लावला. मग गुडघे गेले, शेत पुतण्याकडे कसायला गेले आणि मोतीबाई ओट्यावर बसून राहिल्या. वर्षभर त्या ओटा सोडून कुठे गेल्या नाहीत. जेवणही अर्ध्यावर आले. हर्षलाच्या मनाने घेतले, की यांच्या हाताला काम नाही मिळाले तर ही बाई आपल्या डोळ्यांदेखत विझून जाईल. हर्षला खोपोलीच्या कारखान्यात पाणी तपासण्याचे काम करते. वाकावे लागणार नाही अशी, कमरेएवढ्या उंचीची शेती तिने माझ्यातून उभी केली.

युक्ती साधी आहे. छोटा पंप माशांचे पाणी वर चढवतो. ते गोट्यांमधून झिरपून खाली येते. वाटेत माशांच्या घाणीचे खत होते, ते झाडे खातात, आणि पाणी निवळून पुन्हा माशांकडे जाते. मोतीबाईंना हे पटेना.

"माती नाय, शेन नाय, ही कसली गं शेती?" त्या म्हणाल्या.

पण पहिली मिरची लागली आणि बाई माझ्या झाल्या. सकाळी उठल्याबरोबर माझ्याकडे. मासे मोठे झाले की त्यांचे आंबट कालवण करायचे असा त्यांचाच बेत होता. पुढे रूपेश जाळे घेऊन आला, तर त्यांनी त्याच्याकडे असे पाहिले की तो मुकाट्याने परत गेला. श्रावणात पलीकडच्या आळीतल्या वनिताने स्वतःकडे एक टब मांडला. मोतीबाईंनी तिला माझ्यातले पाटीभर गोटे पुदिन्यासकट दिले, आणि तिचा टब वाकडा आहे हे चार जणींना सांगितलेही. मलाही ते ऐकून बरे वाटले. खोटे कशाला बोलू?

मग दसरा आला. या दिवशी आमच्याकडे कोयता, विळा, टेंपो, सगळे धुऊन पुजतात. हर्षला माहेरी कोंडाण्याला गेली होती. ज्याचे खातो त्याला दसऱ्याला आंघोळ नको का, असे म्हणून मोतीबाईंनी रूपेशला हाताशी घेतले. मासे घमेल्यात काढले. एकेक गोटा काथ्याने घासला, उकळत्या पाण्यातून काढला. मला आतून-बाहेरून चकचकीत केले, विहिरीचे ताजे पाणी भरले, हळदकुंकू लावले, झेंडूची माळ घातली. नवरदेवासारखा मिरवलो मी. तुम्हाला सांगतो, आयुष्यात इतका खूश कधी नव्हतो.

आठवडा झाला नाही तोच मासे वर येऊन तोंडे उघडू लागले. पाने पिवळी पडली. दोन मासे पालथे तरंगले. हर्षलाने पाणी तपासले आणि तिच्या ध्यानात आले. त्या गोट्यांवर डोळ्यांना न दिसणारे जीव राहत होते. माशांच्या घाणीचे खत तेच करत होते. ते सगळे दसऱ्याच्या आंघोळीत मेले होते, आणि माशांची घाण पाण्यातच विषासारखी साठत होती. तिने सासूबाईंना बोल लावला नाही, फक्त हळू आवाजात समजावले.

"म्हंजे विरजनाचं भांडं मीच घासून ठेवलं," मोतीबाई म्हणाल्या. "आता मी नाय हात लावायची. माज्या हातानंच वाटोळं झालं."

आणि खरेच, दोन दिवस त्या माझ्याकडे फिरकल्या नाहीत. हर्षला माशांचे खाणे बंद ठेवून रोज थोडे थोडे पाणी बदलत होती, पण तिचे डोळे ओट्याकडे होते. मासे मेले तर पुन्हा आणता आले असते. मला भीती होती ती ओट्यावर परत बसलेल्या बाईची.

तिसऱ्या दिवशी हर्षला कामावर गेली. मोतीबाई काठी घेऊन उठल्या आणि गुडघे धरत, थांबत थांबत पलीकडच्या आळीत गेल्या. ज्या वनिताच्या टबाला नावे ठेवली होती, तिच्याच दारात उभ्या राहिल्या आणि श्रावणात तिला दिलेले, न धुतलेले गोटे मागितले. वनिताने आधी त्यांना बसवले, चहा दिला, मग मागाल तेवढे घ्या म्हणाली. गोटे सुकू नयेत म्हणून बाईंनी ते ओल्या फडक्यात बांधले. मग एकेक गोटा त्यांनी स्वतःच्या हाताने माझ्यात ठेवला.

सावरायला महिना लागला. पण मासे तगले, पाने पुन्हा हिरवी झाली.

आता माझ्या अंगावर शेवाळ आहे आणि माझा निळा रंग अर्धा झाकला गेला आहे. परवा हर्षला नळीवरचा बुळबुळीत थर पुसायला गेली, तर मोतीबाईंनी तिचा हात धरला.

"थांब गं, तिथं कोन ऱ्हातं ते बघ आधी."

मित्रांनो, मला चकचकीत करू नका. ज्याची काळजी घ्यायची त्याला काय हवे, हे आधी विचारा. आणि माझ्याबद्दल विचारायचे असेल, तर मोतीबाईंना विचारा. हर्षलासुद्धा आता त्यांनाच विचारते.